टोंगळ्यातलं वंगण आणि मांडीतलं बळ

कापसाची दुसरी वेचणी आटोपली की माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर दर्यापूर, अंजनगाव, अकोट, मूर्तिजापूरकडच्या बायांची गर्दी वाढते. फिजिओथेरपीचं काम करत मला अमरावतीत बरीच वर्षं झाली, त्यामुळे हा हंगाम आता ओळखीचा झाला आहे. एक जण आत येते, खुर्चीच्या हाताला धरून हळूच टेकते आणि मी काही विचारण्याआधीच लुगडं थोडं वर सरकवून गुडघ्यावर हात ठेवते. “म्याडम, टोंगळ्यातलं वंगण सरलं म्हंते. ग्याप बी गेला म्हंते. आता चालू नोका म्हंते. काय करू जी?”

म्हणणारं कोण, ते ती सांगत नाही. कधी शेजारीण असते, कधी मेडिकलवाला, कधी एक्स-रे हातात घेऊन दोन मिनिटांत बोलून मोकळा झालेला डॉक्टर. पण तिच्या त्या तीन वाक्यांपैकी तिसरं वाक्य तिचं सगळ्यात जास्त नुकसान करतं. ‘चालू नका’ हे ऐकून घरी बसलेली बाई सहा महिन्यांनी परत येते, तेव्हा तिचा गुडघा पहिल्यापेक्षा जास्त दुखत असतो आणि तिची मांडी हातात धरली तर सैल लागते. म्हणून वंगणाची ही समजूत आधी नीट तपासून पाहू.

बोकडाची नळी पाहिली असेल, तर तिच्या टोकाला असलेली निळसर-पांढरी, गुळगुळीत, चमकदार टोपी आठवा. तीच कूर्चा. आपल्या गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या टोकावर, नडगीच्या हाडाच्या माथ्यावर आणि वाटीच्या मागे अशीच काही मिलिमीटर जाडीची कूर्चा असते. तिच्यात बहुतेक भाग पाणीच. ते पाणी धरून ठेवणारं बारीक तंतूंचं जाळं आणि त्या जाळ्यात मोजक्याच पेशी. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि वेदना कळवणाऱ्या नसाही नाहीत. मग ती जगते कशावर? सांध्याच्या आतल्या अस्तरातून पाझरणाऱ्या चिकट द्रवावर. पाऊल टाकलं की कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते आणि आतलं पाणी बाहेर येतं. पाऊल उचललं की ती पुन्हा फुगते आणि नवा द्रव शोषून घेते. तिला अन्न पोचवण्याची वाट हीच आहे. गाडीच्या इंजिनातल्या ऑइलसारखं हे वंगण एकदा भरलं आणि वापरून संपलं, असं होत नाही. सांध्याचं अस्तर ते रोज तयार करतं. दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्यात तर हा द्रव कमी नसतो, उलट जास्त झालेला असतो. फक्त तो पातळ झालेला असतो आणि त्याचा कस गेलेला असतो. म्हणजे चालणं बंद केल्यानं वंगण वाचत नाही, कूर्चेची उपासमार होते.

ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला झिजेचा संधिवात म्हणतो, त्यात ही कूर्चा आधी खडबडीत होते, मग तिला भेगा पडतात, मग ती जागोजाग पातळ होत जाते. पण हा आजार एकट्या कूर्चेचा नाही, पूर्ण सांध्याचा आहे. खालचं हाड जास्तीचा भार घेऊन टणक होतं. सांध्याच्या कडेनं हाडाला काटे फुटतात, त्यालाच लोक ‘हाड वाढलं’ म्हणतात. अस्तराला सूज येते, गुडघ्यात पाणी धरतं. दोन हाडांमधल्या गाद्या फाटतात. आणि दुखतंय म्हणून त्या पायावर भार द्यायचं टाळलं की मांडीचा पुढचा स्नायू आठवड्या-आठवड्याला बारीक होत जातो. आपल्याकडे गुडघ्याची आतली बाजू आधी झिजते, म्हणून वय झालेल्या कितीतरी बायकांचे पाय कंसासारखे बाहेर वाकलेले दिसतात. कूर्चेला नसा नाहीत हे मघाशी सांगितलं. म्हणजे दुखणं येतं ते हाडातून, अस्तरातून, भोवतालच्या बंधांतून आणि थकलेल्या स्नायूंतून. ही गोष्ट आशेची आहे, कारण गेलेली कूर्चा परत आणणारं औषध आज नाही, पण स्नायू मात्र सत्तराव्या वर्षीही बळकट करता येतो.

आता ‘ग्याप’बद्दल. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसतच नाही. दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसते, ती कूर्चेची जागा. फट कमी म्हणजे कूर्चा पातळ, असा अंदाज बांधतात. तो अंदाजही उभं राहून, पायावर भार देऊन काढलेल्या एक्स-रेवरूनच बांधावा. झोपवून काढलेल्या फोटोत फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ मध्ये एक्स-रेवरून झिजेच्या पायऱ्या ठरवल्या, शून्यापासून चारपर्यंत. ‘तुमची चौथी ग्रेड आहे’ असं ऐकलं की माणूस खचतो. पण ग्रेड फोटोची असते, माणसाची नसते. तिसऱ्या ग्रेडची बाई रोज शेतावर जाताना मी पाहिली आहे आणि पहिल्या ग्रेडची बाई पलंग न सोडणारीही पाहिली आहे. बहुतेक वेळा एमआरआयची गरज पडत नाही. तपासणाऱ्याचा हात, तुमची चाल आणि तुमची हकीकत यांवरून निदान होतं.

हा आजार किती मोठा आहे, याचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा आजार होता. त्यांतले ३६ कोटींहून जास्त गुडघ्याचे, आणि एकूण रुग्णांत साधारण ६० टक्के बायका. आपल्या राज्यात पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावी घरोघर जाऊन पाहणी केली होती. तपासलेल्या ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरातल्या अठरांना, हाडं, सांधे किंवा स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. लोक ज्याला सरसकट घाबरतात तो आमवात शंभरात एकालाही नव्हता. झिजेचा संधिवात त्याच्या दसपटीहून जास्त होता. कोरडवाहू किंवा कालव्याचं, गाव म्हटलं की हे चित्र फार वेगळं नसतं.

वऱ्हाडात मला दोन तऱ्हांचे गुडघे भेटतात आणि त्यांना एकच सल्ला देता येत नाही.

एक शेतातला टोंगळा. जूनपासून निंदण, मग सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. निंदताना बाई उकिडवी बसून विळा किंवा खुरपं चालवत तासातास पुढे सरकते. सोंगणीत कमरेतून वाकलेली. वेचणीत कमरेला झोळी बांधलेली, ती भरत जाते तसतसं वजन पुढे ओढतं. शिवाय वेचणीची मजुरी किलोच्या भावानं, म्हणून पाठ सरळ करायलाही ती थांबत नाही. संध्याकाळी डोक्यावर सरपण नाहीतर चाऱ्याचा भारा. ही बाई जाड नसते, उलट वाळलेली असते. वरण पातळ, दूध चहापुरतं, अंडं क्वचित. तिचा गुडघा झिजतो तो जास्त वेळ मुडपून राहिल्यानं, ओझ्यानं आणि अंगात मांस कमी असल्यानं.

दुसरा शहरातला टोंगळा. राजापेठेतली, साईनगरातली, अकोल्याच्या जठारपेठेतली पन्नाशीची गृहिणी. पाळी गेल्यानंतर वजन दहा किलोंनी वाढलेलं, दिवसभरात चालणं घरातल्या घरात. तिच्यासाठी एकच हिशेब पुरेसा आहे. अंगावरचं एक किलो वजन कमी झालं, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. पाच किलो उतरले तर वीस किलो, आणि तेही हजारो पावलांना. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावच्या दीर्घ पाहणीत दिसलं, की ज्या बायकांनी दहा वर्षांत साधारण पाच किलो वजन घटवलं, त्यांच्यात गुडघ्याचा हा आजार होण्याची शक्यता जवळपास निम्म्यानं घटली. इतका उपयोग बाजारातल्या कुठल्याही बाटलीचा नाही.

बाकी कारणंही आहेत. आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता जास्त. तरुणपणी कबड्डीत, कुस्तीत किंवा दुचाकीवरून पडून गुडघ्याचा बंध तुटला, गादी फाटली आणि ‘होईल बरं’ म्हणून सोडून दिलं, तर चाळिशीतच झीज सुरू होते. मुलग्यांच्या आयांनी हे ध्यानात ठेवावं. खेळताना गुडघा सुजला आणि नंतर चालताना ‘निसटतो’ असं मुलगा म्हणाला, तर हाड बसवणाऱ्याकडे न नेता अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यावं.

उकिडवं बसणं वाईटच का, हा प्रश्न नेहमी येतो. धडधाकट गुडघ्याला ते वाईट नाही. पण बीजिंगमधल्या वृद्धांची पाहणी झाली, तेव्हा तिथल्या बायकांमध्ये गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या बायकांपेक्षा जास्त आढळली आणि तरुणपणी तासन्‌तास उकिडवं बसण्याशी तिचा संबंध दिसला. खुब्याची झीज मात्र त्यांच्यात फार कमी होती. आपल्याकडेही खुब्यापेक्षा गुडघाच जास्त दिसतो. तेव्हा गुडघा एकदा दुखू लागला, की पाट, चूल, खाली बसून भांडी आणि भारतीय बैठकीचा संडास, या चारांना पर्याय शोधायचा.

काही समजुती मात्र सोडून द्या. आंबट खाल्ल्यानं गुडघा झिजत नाही. दही-ताक बंद केलेल्या बाईच्या ताटातलं आधीच कमी असलेलं प्रथिन आणखी कमी होतं, एवढंच घडतं. खारपाणपट्ट्यातल्या कितीतरी गावांत लोक म्हणतात, आमचं पाणीच खारं, म्हणून टोंगळे गेले. पाण्यातल्या मिठानं कूर्चा झिजत नाही. पाण्यात फ्लोराइड फार असेल तर हाडं-सांधे ताठरणारा वेगळा आजार होतो, आणि तो पाणी तपासूनच कळतो. थंडीत दुखणं वाढतं हे खरं, पण थंडीनं झीज होत नाही. आणि कॅल्शियमची गोळी हाडासाठी असते, कूर्चेसाठी नाही.

सगळी सांधेदुखी झिजेची नसते. हे ओळखायला चुकलं, तर नुकसान भरून येत नाही. झिजेच्या दुखण्यात सकाळी सांधा आखडलेला असतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. वापरलं की दुखतं, विसावलं की कमी होतं. खूप वेळ बसून उठताना पहिली चार पावलं अवघड जातात. जिना चढण्यापेक्षा उतरणं कठीण वाटतं. गुडघ्यात कुरकुर वाजते. बोटांच्या शेवटच्या पेरांजवळ टणक गाठी आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखणं, हेही याच आजाराचं लक्षण. पण सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, मनगटं आणि बोटांची मधली पेरं दोन्ही हातांना सारखीच सुजत असतील, थकवा असेल, तर तो आमवात असू शकतो. त्याला वेगळी औषधं लागतात आणि ती लवकर सुरू झाली तर हात वाकडे होणं टळतं. रात्रीतून पायाचा अंगठा लालबुंद, हात लावू देत नाही असा झाला, तर ते युरिक ॲसिडचं दुखणं असण्याचा संभव. तापानंतर अंगभर सांधे धरले, तर चिकुनगुन्या आठवावा. २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्रात कितीतरी माणसं महिनोन्‌महिने लंगडत होती. आणि गुडघा गरम, लाल, सुजलेला, सोबत ताप, किंवा पडल्यावर पायावर उभंच राहता येत नाही, असं असेल तर लेख वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता मुख्य काम. जगभरच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्ये या आजाराचा पहिला उपचार म्हणून गोळी नाही, व्यायाम आणि वजन सांगितलं आहे. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून एक साधा कार्यक्रम चालतो. आजार समजावून सांगणारे दोन वर्ग आणि सहा आठवड्यांत देखरेखीखाली बारा वेळा व्यायाम. त्याला यंत्रं लागत नाहीत. आपल्याकडे गादी, टॉवेल आणि एक भक्कम खुर्ची एवढं पुरतं.

पहिला व्यायाम झोपून. पाय लांब करा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याच्या मागच्या भागानं ती गुंडाळी खाली दाबा. मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा घट्ट झाला पाहिजे. तो झाला की नाही, हे बोटानं दाबून बघा. पाच मोजेपर्यंत धरा, सोडा. दहा वेळा. बहुतेक बाया इथे श्वास रोखतात. तसं करायचं नाही, आकडे मोठ्यानं मोजायचे, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. दुसरा व्यायाम तसाच झोपून. एक गुडघा मुडपलेला, दुसरा पाय सरळ ताठ ठेवून वीतभर वर उचला, पाच मोजा, सावकाश खाली. तिसरा कुशीवर झोपून, वरचा पाय सरळ बाजूला उचलायचा. खुब्याचा हा स्नायू बळकट झाला की चालताना कंबर डोलणं कमी होतं. चौथा सगळ्यात मोलाचा, खुर्चीवरून उठणं आणि बसणं. खुर्ची भिंतीला टेकवा, म्हणजे सरकणार नाही. पाय खांद्याएवढ्या अंतरावर, हात छातीवर, पुढे झुकून उठा, सावकाश बसा, धपकन नाही. जमत नसेल तर खुर्चीवर घडी केलेली रजई टाकून उंची वाढवा. आठवड्यानं रजईची एक घडी कमी करा. अशा रीतीनं आजवर कितीतरी जणींना मी हात न टेकता उभं राहताना पाहिलं आहे, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्याही गोळीनं येत नाही.

अमरावतीकरांना स्नायूंचं महत्त्व खरं तर सांगावं लागू नये. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये इथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं आणि या शहराच्या कित्येक पिढ्या तिथल्या मातीत घडल्या. पण आखाड्यातली पूर्ण बैठक तरुण, निरोगी गुडघ्यासाठी आहे. दुखणाऱ्या गुडघ्याला खुर्चीपर्यंतचीच अर्धी बैठक द्यायची. वज्रासन, मांडी घालून तासभर प्राणायाम, जिने चढून व्यायाम, हे सध्या बाजूला ठेवायचं.

व्यायाम करताना थोडं दुखणारच. दुखण्याला दहापैकी गुण द्या. चारपर्यंत चालेल. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आधीसारखं झालं, तर प्रमाण बरोबर आहे. नाही झालं, तर संख्या निम्मी करा, पण बंद करू नका. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात, आणि नेमकं त्यानंतरच स्नायू भरायला लागतो.

चालणं सपाट जागी. मालटेकडीचा चढ नको, मैदान बरं. एका दमात अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीसकडे जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत उरकावं. पायात मऊ तळाचा, मागून बंद असलेला जोडा हवा, घासलेली स्लिपर नको. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी धरायला लाज वाटून घेऊ नका, पण ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. उभं राहून हात सैल सोडला की मनगटाच्या रेषेला काठीची मूठ यावी. दहातल्या आठ जणांच्या हातात मला ती चुकीच्या बाजूला दिसते. गुडघ्याचा पट्टा ऊब देतो, धीर देतो. तो घालून चालायला जा, पण दिवसभर त्याच्यावर विसंबू नका आणि रात्री काढून ठेवा.

शेतातल्या बाईला ‘काम सोड’ सांगण्यात अर्थ नाही, तिची चूल त्यावर पेटते. पण अर्ध्या तासानं पाच मिनिटं उभं राहून पाय झटकता येतात. निंदण सगळंच बसून न करता दोन ओळींमध्ये सायकल डवरा किंवा लांब दांड्याचं कोळपं चालवता येतं. झोळी भरेपर्यंत न थांबता अर्धी झाली की रिकामी करता येते. हे मुकादमानं आणि शेतमालकानं समजून घ्यायला हवं. बांधावर एक बुटका स्टूल ठेवला तर जेवायच्या सुटीत गुडघे मुडपून बसावं लागत नाही. घरात उभ्यानं झाडता येईल असा झाडू, उभ्याचा ओटा, आणि संडासावर ठेवायची प्लास्टिकची कमोड खुर्ची. ही खुर्ची सर्जिकल साहित्याच्या दुकानात मिळते. आईच्या गुडघ्यासाठी काही खर्च करायचा असेल, तर तेलाच्या बाटल्यांऐवजी आधी ती घ्या. ताटात तुरीचं वरण घट्ट असू द्या, हरभरा, मूग, दही, खात असाल तर अंडं. भाकरी वजन बघून.

औषधांबद्दल स्पष्टच लिहिते. गुडघ्यावर चोळायचं डायक्लोफिनॅकचं जेल बऱ्याच जणांना उपयोगी पडतं आणि पोटातल्या गोळीइतका धोका त्यात नसतो. पोटातून घ्यायच्या दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तर, सांगितल्या तितकेच दिवस. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, पूर्वीचा अल्सर असेल तर तसं आधी सांगा. उन्हाळ्यात घाम जाऊन शरीर सुकलेलं असताना रोज गोळी घेऊन कामावर जाणाऱ्यांची मूत्रपिंडं धोक्यात येतात. बाजारात मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्या तर हातीही धरू नका. दोन दिवसांत जादू करणाऱ्या अशा पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. महिनोन्‌महिने घेतली तर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं पोकळ होतात, आणि अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

शेक घ्या. तव्यावर गरम केलेल्या वाळूची पुरचुंडी चांगलीच आहे, फक्त आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा. तेल चोळल्यानं बरं वाटतं तर चोळा. बिब्बा मात्र नको. माझ्या आत्यानं शेजारणीचं ऐकून दोन्ही टोंगळ्यांवर बिब्बा फासला होता. सकाळी दोन्हीकडे तळहाताएवढे फोड. त्या जखमा भरायला महिना गेला, त्या महिन्यात ती चालली नाही, आणि नंतर तिला पुन्हा चालतं करायला मला चार महिने लागले. तिच्या गुडघ्यांवरचे काळे डाग शेवटपर्यंत गेले नाहीत.

इंजेक्शनांचंही असंच ऐकीव फार. गुडघ्यात दिलेलं स्टेरॉइड काही आठवडे आराम देतं, एखाद्या कठीण वेळेला त्याचा उपयोग आहे. पण २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते दिलं, तेव्हा दुखणं मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनइतकंच राहिलं आणि कूर्चा मात्र जास्त पातळ झाली. वंगणाचं म्हणून जे महागडं इंजेक्शन मिळतं, त्याचा फायदा मोठ्या अभ्यासांत फारच थोडा दिसला. स्वतःच्या रक्तातून काढून देतात ते पीआरपी, ऑस्ट्रेलियात २०२१ साली २८८ जणांवर तपासलं, तर मिठाच्या पाण्याहून सरस ठरलं नाही. दुर्बिणीतून गुडघा ‘धुवायची’ शस्त्रक्रिया तर २००२ मध्येच ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी तपासली. काही जणांना फक्त कातडीवर छेद दिला आणि आत काहीच केलं नाही, आणि तेही धुतलेल्यांइतकेच बरे झाले. यासाठी कुणी जमीन गहाण टाकायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र वेगळी. योग्य वेळी, योग्य माणसाला ती नवं आयुष्य देते. रात्री दुखण्यानं झोप नाही, घरातल्या घरात चालणं अवघड, आणि काही महिने मनापासून व्यायाम, वजन, औषधं करूनही फरक नाही, ही ती वेळ. एक्स-रेत चौथी ग्रेड दिसली, एवढ्यानं ती वेळ येत नाही. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचे दोन्ही गुडघे २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, आणि तेव्हापासून आपल्याकडे खेड्यापाड्यांत ही शस्त्रक्रिया ठाऊक झाली. बदललेले सांधे लवकर खराब होतात, ही भीती बाळगू नका. शंभरातले सुमारे ८२ पंचवीस वर्षं टिकतात, असं मोठ्या नोंदणींवरून दिसलं आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागायचा तुम्हाला हक्क आहे. अमरावतीचं इर्विन, अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय किंवा योजनेतलं खासगी रुग्णालय, कुठेही गेलात तरी आधी आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, कागद कोणते लागतात, ते विचारा. ऑपरेशनआधी सहा आठवडे वरचे चार व्यायाम केले असतील, तर नंतर उभं राहणं सोपं जातं. ऑपरेशननंतर व्यायाम टाळला, तर लाखाचा गुडघा ताठ राहतो.

शेगावच्या पायी वारीबद्दल बरेच जण भीतभीत विचारतात. गजानन महाराजांच्या प्रगट दिनाला पायी जायचं असेल, तर दोन महिने आधी चालणं सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. नवी चप्पल वाटेवर घालू नका, जुना सवयीचा जोडा घ्या. दर तासाला बसा, पाणी प्या, आणि दुखणं वाढलं तर उरलेली वाट गाडीनं जा. श्रावणात पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला निघणाऱ्या अकोल्याच्या कावडीत मात्र गुडघ्याला जुनी इजा असलेल्यानं खांदा देऊ नये. सोबत चालावं.

आज संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांना भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसवा आणि हात छातीवर ठेवून अर्ध्या मिनिटात कितीदा उठबस होते ते मोजा. शेजारी उभे राहा, पडू देऊ नका. जो आकडा येईल तो, शून्य असला तरी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेच्या चौकोनात लिहा. मग रोज त्यांच्यासोबत ते चार व्यायाम करा आणि सहा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा.